अर्धवेळ नोकरीचा राजीनामा: पत्र कसं लिहायचं, कसं द्यायचं आणि हिशोब कसा पूर्ण करायचा

"सर, उद्यापासून मला जमणार नाही, सॉरी." रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर एवढा निरोप टाकायचा आणि सकाळी दुकानाच्या ग्रुपमधून बाहेर पडायचं. ठाणे आणि नवी मुंबईत अर्धवेळ काम करणारी कितीतरी मुलं-मुली नोकरी अशीच सोडतात. काही जण याच्या अगदी उलट करतात. इंटरनेटवरून दोन पानी पत्र उतरवतात, त्यात कृतज्ञतेचे चार परिच्छेद असतात, पण शेवटचा दिवस कोणता ते कुठेच नसतं. दोघांचं पुढे एकच होतं. महिन्याचा पगार लटकतो, अनुभवाचं पत्र मागायला तोंड उरत नाही, आणि पुढच्या ठिकाणाहून चौकशीचा फोन गेला की "तो? तो तर न सांगता पळाला" असं ऐकायला मिळतं.

राजीनाम्याचं पत्र मुळात तारखेचं पत्र आहे. कारणाला एक ओळ पुरते, आभारालाही दोनपेक्षा जास्त लागत नाहीत. तारखा मात्र नेमक्या हव्यात आणि त्या समोरच्याला कळल्याचा पुरावा तुमच्या हातात हवा. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. बरेच लोक चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

## १. लिहायच्या आधी कागद काढा

नेमणूकपत्र मिळालं असेल तर ते आधी शोधा. पदाचं नेमकं नाव, रुजू झाल्याची तारीख आणि नोटीस पिरियड किती दिवसांचा आहे ते पाहा. नोटीस न देता गेल्यास पगार कापण्याची अट असेल तर तीही वाचून ठेवा. प्रोबेशन चालू असेल तर नोटीस बहुधा कमी दिवसांची असते, त्यामुळे शेवटच्या पानापर्यंत वाचा.

नेमणूकपत्रच नसेल तर? नौपाड्यातला दवाखाना, खारघरमधला क्लास, घोडबंदर रोडवरचं छोटं ऑफिस अशा ठिकाणी ते बहुतेक वेळा नसतंच. मग व्हॉट्सॲपवरचा पहिला संवाद शोधा. "सोमवारपासून या, पाच ते नऊ, महिन्याला इतके" असा मेसेज असेल तर कामाच्या अटी लेखी आहेत असं समजा. त्याचा स्क्रीनशॉट काढा. पगार खात्यात येत असेल तर पासबुकातल्या नोंदी काढून ठेवा. रोख मिळत असेल तर हजेरीच्या किंवा पगाराच्या वहीत तुमच्या सह्या असलेल्या पानांचा फोटो घ्या. ही तयारी भांडणासाठी नाही. सहा महिन्यांनी "तू कधीपासून होतास रे इथे?" असा प्रश्न आला तर उत्तर हाताशी असावं, म्हणून.

नोटीस किती हे कुठेच ठरलेलं नसेल तर माझा सल्ला असा: छोट्या दुकानात किंवा दवाखान्यात किमान १५ दिवस द्या, क्लासमध्ये महिनाभर. कोणी मागितलं नसेल तरी द्या.

आता एक गोष्ट जी मॉलमध्ये काम करणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. वाशी किंवा सीवूड्सच्या मॉलमधल्या मोठ्या दुकानांत काउंटरवर उभी असलेली बरीच मुलं त्या ब्रँडच्या पटावर नसतात. त्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीने नेमलेलं असतं. रोज हुकूम स्टोअर मॅनेजर सोडतो, पण मालक कागदोपत्री वेगळाच असतो. अशा वेळी राजीनामा एजन्सीच्या नावाने लिहायचा आणि प्रत स्टोअर मॅनेजरला द्यायची. फक्त मॅनेजरला दिलात तर एजन्सीच्या दप्तरात तुम्ही "गैरहजर" म्हणून राहता.

तपासा: पगाराच्या स्लिपवर किंवा बँकेच्या नोंदीत पैसे कोणाच्या नावाने आलेत? जे नाव तिथे दिसतं, पत्र त्यालाच.

## २. शेवटचा दिवस मोजा

अर्धवेळ नोकरीत इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून या टप्प्यावर घाई करू नका.

पत्र ज्या दिवशी दिलं तो दिवस मोजायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू. १२ तारखेला पत्र दिलं आणि नोटीस १५ दिवसांची असली तर १३ तारीख हा पहिला दिवस आणि २७ तारीख हा पंधरावा. रोज जाणाऱ्यांचं गणित इतकंच.

शनिवार-रविवारी किंवा दिवसाआड जाणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात: नोटीस संपण्याची तारीख आणि शेवटची शिफ्ट. समजा वाशीच्या दुकानात तुम्ही फक्त शनिवार-रविवार करता आणि नोटीस ३० दिवसांची आहे. रविवार, ५ जुलै २०२६ रोजी पत्र दिलं. तिसावा दिवस येतो मंगळवार, ४ ऑगस्टला. मंगळवारी तुमची शिफ्टच नसते. म्हणजे शेवटची शिफ्ट झाली रविवार, २ ऑगस्ट, आणि मधल्या काळात एकूण आठ शिफ्ट भरतात. पत्रात या दोन्ही तारखा लिहायच्या. एकच लिहिली तर मॅनेजर म्हणतो "महिना कुठे पूर्ण झाला?" आणि तुम्ही म्हणता "झाला की!"

काही मालक "३० दिवस म्हणजे कामाचे ३० दिवस" असं धरतात. शनिवार-रविवारवाल्याला ते जवळजवळ साडेतीन महिने होतात. नेमणूकपत्रात "कामाचे दिवस" असे शब्द असतील तर त्यावर आधी बोलून घ्या. नुसतं "३० दिवस" लिहिलं असेल तर कॅलेंडरचे दिवस धरा आणि पत्रात तशीच तारीख मांडा.

तारीख निवडताना समोरच्याचं वेळापत्रकही पाहा. कपड्यांच्या किंवा मिठाईच्या दुकानातून दसरा ते दिवाळीच्या मध्ये निघणं, किंवा दहावी-बारावीच्या क्लासमधून जानेवारीत निघणं, यावर पत्र कितीही गोड लिहिलं तरी उपाय नाही. अडचण खरीच असेल तर निघा, पण नोटीस ठरल्यापेक्षा जास्त द्या. सात तारखेला पगार घेऊन आठला पत्र टाकण्याची युक्ती मालकांना पाठ आहे, आणि त्यात तुमचा फायदाही नसतो. नव्या महिन्याचे सात दिवस पुन्हा अडकतातच. महिनाअखेर किंवा त्याच्या आसपासची तारीख धरली की हिशोब सरळ होतो.

सावधान: नोटीसच्या काळात सुट्टी घ्यायची असेल तर ती पत्र देण्याआधी ठरवा आणि पत्रातच लिहा. पत्र दिल्यावर मागितलेली सुट्टी, तीही शेवटच्या आठवड्यात, सहसा "बिनपगारी" म्हणून लागते.

## ३. आधी तोंडी सांगा

पत्र थेट टेबलावर ठेवून निघून जाणं उद्धटपणाचं वाटतं, विशेषतः जिथे मालक रोज समोर असतो. आधी पाच मिनिटं मागा, सांगा, आणि त्याच भेटीत किंवा दुसऱ्या दिवशी पत्र द्या. यापेक्षा जास्त अंतर ठेवू नका. नुसतं तोंडी सांगितलेलं दोन आठवड्यांनी कोणाला आठवत नाही.

वेळ नीट निवडा. मॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी नको, दुकान उघडल्यावरचा पहिला अर्धा तास बरा. दवाखान्यात शेवटचा पेशंट गेल्यावर. क्लासमध्ये दोन बॅचच्या मध्ये नको, सगळ्या बॅच सुटल्यावर.

ज्याला पत्र द्यायचं त्यालाच आधी सांगा. सहकाऱ्यांना नंतर. चहाच्या टपरीवर सांगितलेली बातमी तुमच्याआधी मालकाच्या केबिनमध्ये पोहोचते आणि मग सगळं संभाषण "मला बाहेरून कळलं" इथून सुरू होतं.

बोलायला फार लागत नाही. "काका, एक सांगायचं होतं. २ ऑगस्टनंतर मला यायला जमणार नाही. त्या रविवारपर्यंत मी नक्की येईन. रीतसर पत्र आणलंय." किंवा, "मॅडम, सहामाही परीक्षेपर्यंतचा भाग मी पूर्ण करते. त्यानंतर बॅच घेणं जमणार नाही. नवीन शिक्षकांना दोन दिवस सोबत बसवायचं असेल तर मी आहे."

"पगार वाढवून देतो, थांब" हे उत्तर येऊ शकतं. पैशासाठीच सोडत असाल आणि वाढीव पगारात थांबायची खरंच तयारी असेल तर दोन दिवस मागून घ्या आणि पत्र तोवर खिशात ठेवा. तयारी नसेल तर तिथेच सांगा: "पगाराचा प्रश्न नाही, वेळेचा आहे." आपल्याकडे "बघतो", "सांगतो" हे शब्द भिडेपोटी सहज तोंडून निघतात. समोरचा ते "थांबतोय" असं ऐकतो.

## ४. पत्र लिहा

भाषा कोणती? नेमणूकपत्र ज्या भाषेत मिळालं ती. एजन्सीचं किंवा ब्रँडचं एचआर परराज्यात बसत असेल तर इंग्रजी ईमेल पाठवावा लागेल, पण क्रम हाच ठेवा. मालक मराठी वाचतो, रोजचं बोलणं मराठीत होतं, तर अवघडलेल्या इंग्रजीपेक्षा साधं मराठी पत्र शंभर पटीने बरं दिसतं.

पत्र एका पानात बसलं पाहिजे. वरच्या उदाहरणातल्या मुला-मुलीचं पत्र असं होईल:

> दिनांक: ५ जुलै २०२६
>
> प्रति,
> माननीय व्यवस्थापक,
> (दुकानाचे नाव),
> वाशी, नवी मुंबई.
>
> विषय: अर्धवेळ विक्री सहायक या पदाचा राजीनामा
>
> महोदय,
>
> मी (पूर्ण नाव) आपल्या दुकानात जून २०२५ पासून शनिवार व रविवार अर्धवेळ विक्री सहायक म्हणून काम करत आहे. या पत्राद्वारे मी या पदाचा राजीनामा देत आहे.
>
> नेमणूकपत्राप्रमाणे ३० दिवसांची पूर्वसूचना आवश्यक आहे. हा कालावधी ४ ऑगस्ट २०२६ रोजी पूर्ण होईल. त्याआधीची माझी शेवटची शिफ्ट रविवार, २ ऑगस्ट २०२६ ही असेल.
>
> पदवीच्या शेवटच्या वर्षात शनिवारी प्रात्यक्षिके असल्याने यापुढे काम करणे शक्य होणार नाही.
>
> शेवटच्या शिफ्टपर्यंत ठरलेल्या सर्व वेळा मी पाळेन. माझ्याकडील स्टॉक रजिस्टर व कपाटाची किल्ली कोणाकडे सोपवावी, ते कृपया कळवावे.
>
> शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार आणि कामाचे अनुभव प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.
>
> बिलिंगचे काम मी इथेच शिकलो. सुरुवातीच्या महिन्यांत आपण आणि सहकाऱ्यांनी सांभाळून घेतले, त्याबद्दल मनापासून आभार.
>
> कळावे,
> आपला विश्वासू,
> (सही)
> (पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

ओळींचा हा क्रम मुद्दाम असा आहे. वाचणारा पहिल्या परिच्छेदात "कोण आणि काय" शोधतो, दुसऱ्यात "कधीपासून". तेवढं मिळालं की तो पुढचं शांतपणे वाचतो. आभार वर घेतले की तारीख तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात जाते आणि तिथे ती कोणी वाचत नाही.

मालकाला रोज "काका" किंवा "शेठ" म्हणत असाल तरी पत्रात "माननीय श्री." आणि आडनाव. दवाखान्यात "माननीय डॉ.". मजकुरात "तुम्ही" नको, "आपण" हवं. आणि शेवटी "आपला आज्ञाधारक" लिहू नका. ते शाळेच्या रजेच्या अर्जातलं आहे, तिथेच राहू द्या. "आपला विश्वासू" किंवा "आपली विश्वासू" पुरेसं.

आभाराची ओळ खरी हवी. मेडिकलच्या काउंटरवर तीन महिने काम करून "या संस्थेने मला व्यावसायिक प्रगतीच्या अमूल्य संधी दिल्या" असं लिहिलं की वाचणाऱ्याला हसू येतं. शिकलेली एक नेमकी गोष्ट लिहा. तशी एकही आठवत नसेल तर "आजवरच्या सहकार्याबद्दल आभार" एवढ्यावर थांबा.

तपासा: पत्रात तारखा महिन्याच्या नावासह आहेत ना? ०५/०७ कोणी पाच जुलै वाचतं, कोणी सात मे.

## ५. या ओळी पत्रातून काढा

"मी नोकरी सोडण्याचा विचार करत आहे." हा राजीनामा होत नाही. मालक याचा अर्थ पगारवाढीची मागणी असा लावतो. "मी राजीनामा देत आहे" असं सरळ लिहा.

"माझा राजीनामा मंजूर झाल्यास मी अमुक तारखेपासून..." इथे तुम्ही तारीखच समोरच्याच्या हातात दिलीत. स्वीकारावा अशी विनंती करायला हरकत नाही, पण शेवटचा दिवस "झाल्यास"वर टांगू नका.

"तत्काळ प्रभावाने" हा शब्दप्रयोग नमुन्यांतून उतरवला जातो, आणि त्याच पत्रात खाली महिन्याची नोटीसही असते. दोन्ही एकत्र असूच शकत नाहीत.

"काही वैयक्तिक अडचणींमुळे आणि इथल्या वातावरणामुळे..." यातला "वातावरण" हा शब्द तुमच्या फाइलमध्ये कायमचा राहतो. उशिरा मिळणारा पगार, वाढीव तास, एखाद्या सुपरवायझरची भाषा, या तक्रारी खऱ्या असू शकतात. त्या मांडायच्या असतील तर वेगळ्या अर्जात, तारखांसह मांडा. राजीनाम्यात मिसळल्या की दोन्ही कागद दुबळे होतात. तक्रारीवर कोणी पान उलटत नाही आणि राजीनाम्यावर "रागाने गेला" असा शेरा बसतो.

खोटं कारणही नको. आजीचं आजारपण लिहून पुढच्याच आठवड्यात समोरच्या दुकानात उभं राहिलात तर ठाणे काही इतकं मोठं नाही. कारण सांगायचंच नसेल तर "वैयक्तिक कारणास्तव" हे दोन शब्द लिहा. नवीन नोकरी कुठे लागली, पगार किती, हे पत्रात लिहायचं बंधन कुणावरही नाही.

## ६. थोडी वेगळी पत्रं

क्लासमध्ये शिकवणाऱ्यांनी तारखेबरोबर अभ्यासक्रम कुठे आणून सोडणार ते लिहावं. "३१ ऑगस्टपर्यंत नववीच्या बीजगणिताची पहिली चार प्रकरणे पूर्ण करेन, तपासलेल्या उत्तरपत्रिका व गुणांची यादी त्याच दिवशी देईन" अशी एक ओळ मालकाचा निम्मा राग घालवते. पालकांना परस्पर कळवू नका. मुलांना कधी आणि कसं सांगायचं हे क्लासवाल्यांवर सोडा. बॅचमधली मुलं आपल्या घरच्या शिकवणीला ओढण्याचा मोह होतो. नेमणूकपत्रात त्यावर अट असली-नसली तरी अनुभवाच्या पत्रावर मग पाणी सोडा.

दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळणाऱ्यांकडे पुढच्या अपॉइंटमेंटची वही आणि पेशंटचे नंबर असतात. ते कोणाला समजावून देणार, हे पत्रात हवं. पेशंटचे नंबर स्वतःच्या फोनमध्ये असतील तर सोपवून झाल्यावर पुसा आणि तसं सांगा.

नोटीस देणं खरंच शक्य नसेल, म्हणजे घरात कोणी दवाखान्यात आहे, प्रवेश परगावी मिळाला, तर ते लपवू नका. दुसऱ्या परिच्छेदाच्या जागी असं लिहा:

> ३० दिवसांची पूर्वसूचना देणे आवश्यक आहे याची मला जाणीव आहे. मात्र वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे १२ जुलै २०२६ नंतर येणे शक्य नाही. उर्वरित कालावधी माफ करावा, ही विनंती. हस्तांतराचे काम फोनवरून पूर्ण करण्यास मी तयार आहे.

यावर "ठीक आहे" असं तोंडी उत्तर आलं तर तेवढंच मेसेजवर मागा. माफीचा कागद नसेल तर नेमणूकपत्रातल्या अटीवर बोट ठेवून पगार कापण्याची भाषा पुढे होऊ शकते.

## ७. पत्र द्या आणि पोच घ्या

पत्राच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर सही करा. एक द्यायची. दुसरीवर "मिळाले", तारीख, सही आणि असेल तर शिक्का घ्यायचा. नोटीसची मोजणी या पोचेच्या तारखेपासून धरली जाते. ५ तारखेचं पत्र तुम्ही ९ तारखेला दिलंत तर वरचं सगळं गणित चार दिवसांनी सरकलं. अशा वेळी पत्रावरची तारीख खोडू नका, नवं पत्र छापा.

मालक बाहेरगावी असेल तर हिशोबनीसाकडे किंवा मॅनेजरकडे द्या आणि त्याच दिवशी मालकाला मेसेज करा: "पत्र आज ऑफिसमध्ये दिलं आहे, प्रत सोबत." प्रत पीडीएफ करून पाठवा. व्हॉइस नोट पाठवू नका. आणि मेसेज गेल्यावर समोरून एक शब्द तरी लेखी येऊ द्या. निळ्या टिका म्हणजे पाहिलं एवढंच, आणि त्या बंदही ठेवलेल्या असू शकतात.

ईमेल करणार असाल तर विषयात पद आणि "राजीनामा" दोन्ही येऊ द्या, पत्र जोडा, पण मुख्य दोन परिच्छेद ईमेलच्या मजकुरातही लिहा. बीसीसीत स्वतःचा वैयक्तिक पत्ता टाका. कंपनीचा मेल आयडी शेवटच्या दिवशी बंद होतो आणि त्याबरोबर पाठवलेलं सगळं जातं.

सही द्यायला नकार आला तर आवाज चढवायचं कारण नाही. त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा आणि एक प्रत टपालाने. घरातली मोठी माणसं "रजिस्टर कर" म्हणतील, पण रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आता स्पीड पोस्ट करा, पावती जपा, आणि पोहोचल्याची ट्रॅकिंगची नोंद छापून त्याच फाइलमध्ये लावा.

सावधान: मूळ गुणपत्रिका किंवा युनिफॉर्मचं डिपॉझिट मालकाकडे असेल तर ते परत मिळण्याची विनंती याच पत्रात एका ओळीत टाका. तोंडी मागितलेलं "शोधून ठेवतो"मध्ये अडकतं.

## ८. शेवटच्या दिवसापर्यंत

पत्र दिल्यावर उशिरा येणं, फोनमध्ये डोकं घालून बसणं, "मी तर चाललोच" असं नव्या मुलांना ऐकवणं, याने पत्राची सगळी नम्रता वाया जाते. शेवटचे दोन आठवडेच लोकांच्या लक्षात राहतात.

सोपवण्याची यादी कागदावर करा. किल्ल्या, आय-कार्ड, युनिफॉर्म, रजिस्टर, संगणकाचे पासवर्ड, सिम कार्ड, जे काही असेल ते. गल्ला सांभाळत असाल तर शेवटच्या शिफ्टला रोकड समोर मोजून द्या आणि घेणाऱ्याची सही घ्या. ही एक सही चुकवू नका. तुम्ही गेल्यानंतर निघालेली तूट गेलेल्याच्याच नावावर टाकणं सगळ्यांना सोयीचं असतं. व्हॉट्सॲप ग्रुपमधून शेवटच्या दिवशी संध्याकाळी, दोन ओळींचा निरोप लिहून बाहेर पडा. त्याआधी नको.

पगाराचं काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचा देय पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असतो. छोट्या दुकानांत प्रत्यक्षात तो नेहमीच्या पगाराच्या तारखेला मिळतो. ती तारीख जवळ असेल तर थांबा. कायद्याचं कलम पहिल्याच दिवशी तोंडावर मारून पगार लवकर येत नाही. तारीख उलटली की लेखी आठवण करा: "२ ऑगस्टपर्यंतच्या पगारापैकी एवढी रक्कम येणे बाकी आहे, कृपया कधी मिळेल ते कळवावे." दोन आठवणींनंतरही उत्तर नसेल तर कामगार आयुक्तांच्या तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात अर्ज करता येतो. तिथे हीच पोच, बँकेच्या नोंदी आणि मेसेज लागतात. पगारातून काही कापलं असेल तर कशासाठी ते लेखी मागा. एका वेतन काळात एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही.

अनुभव प्रमाणपत्रासाठी वाट पाहत बसण्यापेक्षा मजकूर स्वतःच टाइप करून न्या: नाव, पद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याचे किती दिवस, कामाचं स्वरूप. मालकाला फक्त लेटरहेडवर छापून सही करायची असते. "अर्धवेळ" हा शब्द लपवू नका. पुढच्या ठिकाणी तास विचारतातच.

स्लिपवर पीएफची कपात दिसत असेल तर आणखी एक काम उरतं. अर्धवेळ कामगारांचाही पीएफ कापला जातो आणि मुलांना ते माहीतही नसतं. यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा क्रमांक, मागून घ्या आणि काही आठवड्यांनी पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली आहे का ते बघा. ती भरणं मालकाचं काम. त्याने नाही भरली तर शेवटचं योगदान जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले की आधार जोडलेल्या यूएएनवरून ती तुम्हाला स्वतःला भरता येते. तिथे राजीनाम्यात लिहिलेली शेवटच्या शिफ्टचीच तारीख भरा. पत्रात शेवटची शिफ्ट २ ची आणि पोर्टलवर ४ असं झालं तर पुढच्या नोकरीत पीएफ वळवताना त्याचा खुलासा करत बसावा लागतो.